बगळीची पुढची फळी

मामा,

यंदा नारळीपौर्णिमेला बगळीपुढे नारळ फुटला नाही. तुला जाऊन जेमतेम महिना झालाय, वर्ष व्हायचं आहे, म्हणून घरात सण नाहीत. मामीने साधा भात लावला आणि वाढता वाढता सांगून टाकलं, की यंदा होडीही पाण्यात उतरायची नाही. पुढच्या वर्षी बघू. आईने मान हलवली. मी ताटाकडे बघत राहिले. तू असतास तर मिस्कीलपणे विचारलं असतंस, "काय मेमसाहेब, आपलं काही मत?" आणि मी नेहमीसारखं "नाही" म्हटलं असतं.

मत होतं. तुझ्याचकडून आलेलं होतं.

तू मला पहिल्यांदा खाडीवर नेलंस तेव्हा मी फ्रॉकमधली होते. ठाण्याला मिशनऱ्यांच्या शाळेत जाणारी, घरी पाहुणे आले की आतल्या खोलीत पळणारी. माझ्या मराठीला सगळे हसत, म्हणून मी बोलणंच कमी केलं होतं. सुटी लागली की आई मला तुझ्याकडे डोंबिवलीला सोडून जाई. तू दिवसभर रेल्वेच्या ऑफिसात नकाशे काढायचास आणि उरलेला सगळा वेळ कोपरच्या खाडीकाठी, धर्मा पाटलांच्या बांधाशी घालवायचास. दुसरी मोठी लढाई संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीतला खाकी माल विकायला निघाला होता. त्यातून तू तंबूचं कापड आणलंस, मामीच्या मशीनवर त्याचं शीड शिवलंस, आणि होडीचं नाव ठेवलंस बगळी.

"खाकी बगळी?" मामी म्हणाली. "त्यापेक्षा हवालदारीण म्हणा."

त्या वर्षीच्या नारळीपौर्णिमेला पाटलांनी आणि तू मिळून झावळ्यांचं शाकारण काढलंत, नारळ फोडलात, बगळीच्या नाकाला कुंकू लावलंत आणि ढकलत ढकलत तिला चिखलातून पाण्यात नेलंत. आणि तळाचं बूच न लावताच हात काढून घेतलेत. पाणी भसाभस आत आलं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होडी खाली बसली, नुसती काठाची रेघ वर राहिली. मी किंचाळले, तेही इंग्रजीत. बांधावरची माणसं पोट धरून हसली.

"मास्तर," पाटील तुला म्हणाले, "भाची इलायती हाय काय?"

तू हसला नाहीस. माझ्याशेजारी उकिडवा बसलास आणि म्हणालास, "बुडू दे. पावसाळाभर जमिनीवर पडून होती, तहान लागलीय तिला. आता फळ्या पाणी पितील, फुगतील, मधल्या फटी मिटतील. मग ओहोटीला पाणी उतरलं की बूच लावायचं. न बुडवता सोडली असती ना, तर खाडीच्या मध्यावर बुडाली असती." मग आणखी एक सांगितलंस. लाकडाच्या होडीला तीन तऱ्हांनी मरण येतं. खडकाने येतं, तो एकदाच भेटतो. नुसती पाण्यात ठेवून दिली तर किडा लागतो. आणि जमिनीवर ठेवून दिली तर सुकते. "म्हणून वापरायची," तू म्हणालास. "दरवर्षी."

त्यानंतरची प्रत्येक नाताळची आणि मे महिन्याची सुटी मी बगळीवर काढली. वर कल्याणला दुर्गाडीच्या पायथ्यापर्यंत, खाली मुंब्र्याच्या डोंगराखालून कळव्याच्या पुलापर्यंत, आणि वारा मनासारखा असला तर घोडबंदरवरून थेट वसईच्या किल्ल्यासमोर. तू मागे सुकाणूवर, मी पुढच्या फळीवर. मी नेहमी तुझ्याकडे तोंड करून बसत असे. तुला वाटायचं, मला पाण्याची भीती वाटते म्हणून मी पाण्याकडे पाठ करते. एकदा तू तसं आईला सांगितलंस, तेही मी ऐकलं. मामा, मी तुझा हात बघत होते. वारा वळायच्या आधी तुझा अंगठा सुकाणूवर थोडा पुढे सरकायचा. तुला स्वतःला ते माहीत नसावं.

बगळीवर मला बोलावं लागत नसे, हे मला किती बरं वाटायचं ते मी तुला कधी सांगितलं नाही. घरी माणसं गप्प मुलीला सारखी विचारत राहतात, बरं नाही का, राग आला का. तू एकट्याने पुरेल इतकं बोलायचास. मुंब्र्याजवळ ओहोटीत आपण चिखलात रुतलो होतो, आठवतं? दोष तुझाच होता. गाळाची उंची तुला पाठ आहे असं तू मला तासभर ऐकवत होतास आणि ऐकवता ऐकवताच बगळी थांबली. चहूकडे चिखल, खेकडे, आणि काठावर एक बाई मासे वाळत घालत होती. ती ओरडली, "अवो, गारी चुकली काय?" तू टोपी काढून तिला नमस्कार केलास. भरती येईपर्यंत आपण मामीच्या पोळ्या आणि सुक्या बटाट्याची भाजी खाल्ली. तू मला शाळेतली एक इंग्रजी कविता म्हणायला लावलीस आणि शेवटी म्हणालास, "छान आहे. पण यात चिखल नाही."

मी खूप हसले होते. तेव्हा तू माझ्याकडे जरा नवलाने पाहिलंस.

मामी कधी आली नाही. पहिल्याच वर्षी एकदा बसली, कोपरचं वळण येईतो तिला उलट्या झाल्या, आणि तिने जाहीर केलं की या घरात एक जण पाण्यावर राहील आणि एक जमिनीवर, म्हणजे संसाराचा तोल राहील. पण बगळीचं बूच पावसाळाभर तिच्याच देव्हाऱ्यात असायचं. बूच कुठेही पडून हरवतं, देवापुढून कोण नेतंय, असं तिचं म्हणणं.

आता आपल्या भांडणाचं.

यंदाच्या वैशाखात हंगामाची शेवटची फेरी करून आपण परत येत होतो. ठाकुर्लीच्या वीजघराची चिमणी दिसायला लागली होती. तू दमला होतास. माझ्या लक्षात आलं होतं, तू शिडाचा दोर दोनदा सोडून हात झटकलास. आणि तू एकदम म्हणालास, "पुढच्या हंगामात सुकाणू तू धरायचंस. मी तुझ्या फळीवर पाय पसरून झोपणार."

"मला नाही जमायचं."

"का?"

"कधी धरलंय का मी?"

"धरू नको असं कुणी सांगितलं?"

"तू कधी दिलंस, मामा?"

"तू कधी मागितलंस?"

तेवढ्यात काठावरून पाटील दोर टाकायला ओरडले. तू दोर टाकलास, मी चिखलात उतरले, आणि ते बोलणं तिथेच राहिलं. होडी तुळयांवर चढवली, झावळ्या घातल्या. घरी जाताना तू पाटलांच्या आंब्यांबद्दल बोलत होतास.

मी ते भांडण मनात पुष्कळ वेळा पुढे नेलं. माझं उत्तर तयार होतं. मागणं तुला सोपं होतं, मामा. तू पाटलांकडे जागा मागितलीस, स्टेशनमास्तरांकडे जुन्या तुळया मागितल्यास, मामीकडे तिचं मशीन मागितलंस. ज्याला नकाराची लाज वाटत नाही त्याला कळत नाही, की काही माणसं मागत नाहीत, त्यांना आपणहून द्यावं लागतं. इतकी वर्षं मी तुझ्यासमोर बसून तुझ्या अंगठ्याकडे बघत होते. एकदा नुसतं सरकून म्हटलं असतंस, "बस इथे." मी बसले असते. हे मला तुला ऐकवायचं होतं. आणि तू काय म्हणाला असतास तेही मला माहीत आहे. तू म्हणाला असतास, "वारा शिडाला विचारून येत नाही, शीड आपण उभारायचं असतं." किंवा असंच काहीतरी, आणि मला राग आला असता. त्या रागासकट मला ते ऐकायचं आहे.

ज्येष्ठात आईबरोबर मी तुझ्याकडे आले. उकाड्यात तू शाल घेऊन आरामखुर्चीत बसला होतास. म्हणालास, थोडी कणकण आहे. आई आणि मामी स्वयंपाकघरात गेल्यावर तू विचारलंस, "येतेस ना यंदा?"

"बघते," मी म्हणाले.

त्या वेळी ठाण्याच्या शाळेत माझ्या नोकरीचं चाललं होतं आणि सुट्यांचं काही कळत नव्हतं. हे खरं आहे. पण ते कारण नव्हतं. मला वाटलं होतं, तू आणखी एकदा विचारशील. नेहमी तू कुठलीही गोष्ट चार वेळा विचारायचास. त्या दिवशी तू एकदाच विचारलंस आणि डोळे मिटलेस. आषाढात ताप डोक्यात गेला आणि ठाण्याला निरोप आला. आम्ही पोचलो तेव्हा तुझा चष्मा मामीच्या हातात होता.

पौर्णिमेचं जेवण झाल्यावर मी "जरा पाय मोकळे करून येते" म्हणून खाडीवर गेले. पाटलांच्या घरी कुणी नव्हतं, सगळे कोळीवाड्यात सण बघायला गेले होते. मी झावळ्या उचलून बगळीत शिरले आणि पुढच्या फळीवर बसले. सवयीने मागे तोंड करून. सुकाणू काढून तू आडवं बांधून ठेवलं होतंस. तळाशी बघितलं तर फळ्यांच्या सांध्यांतून खालची जमीन दिसत होती. नख जाईल एवढी फट. दरवर्षी पाऊस लागायच्या आधी तू झावळ्या उचलून तिला तेल पाजायचास. यंदा हात लावला तर लाकूड रखरखीत होतं. दमट हवेत आत्तापर्यंत तिने कसंबसं धरलं होतं. पुढे सगळा हिवाळा आणि त्यानंतरचा वैशाख. पुढच्या पौर्णिमेला जी होडी उतरवायची ती उरणार नव्हती.

तेल का दिलं नव्हतंस? अंगात ताकद नव्हती म्हणून? की मी "बघते" म्हणाले म्हणून? मामीला मी पुढे एकदा आडून विचारलं. ती म्हणाली, "सुमन नाही यायची बहुतेक, असं म्हणाले होते खरं. पण तेव्हा तापातच होते." मला जे हवं होतं ते तिच्या उत्तरात नव्हतं, आणि दुसरं उत्तर आता कुठे मिळणार नाही.

मी घरी आले. मामी तांदूळ निवडत होती, आई तिच्याजवळ बसली होती.

"मामी, ती सुकेल," मी म्हणाले.

"कोण?"

"बगळी. वर्षभर ठेवली तर सुकेल. फटी पडल्यात आत्ताच."

मामी वर न बघता म्हणाली, "मग? माणसं नाही सुकत?"

आई म्हणाली, "सुमन, पुरे."

एरवी मी तिथेच थांबले असते. तुझ्यासमोर तर नक्कीच. "मामा म्हणायचा, एकदा फळ्या वाकल्या की कितीही कापूस ठासा, त्या मिटत नाहीत."

"तुझा मामा पुष्कळ म्हणायचा. तिला तेल पाजायचंय, असंही दोन महिने म्हणत होता." मामीने सुपातून एक खडा काढून बाजूला टाकला. "वर्षाच्या आत मी घरात सण करायची नाही. लोक काय म्हणतील म्हणून नव्हे. मला करवणार नाही. नारळ आणायचा आणि फोडायला कोण? पाटील?"

मी तिच्याजवळ बसले आणि तांदूळ निवडायला लागले. मग मामीच म्हणाली, "तू किंचाळली होतीस ना गं? पहिल्या वेळी? त्यांनी ती बुडवली तेव्हा?"

"हो."

"घरी येऊन हसत सांगत होते. तर ते बुडवायचं असतं त्याला नारळ लागतो?"

"नाही. नारळ आधी. उतरवताना."

"कुंकू?"

"तेही आधीच."

"मग आधीचं राहू दे," मामी म्हणाली. "नंतरचं करा. बुडवायला कसला आलाय सण? वन्सं, तुम्हाला काय वाटतं?"

आई म्हणाली, "मला बाई त्यातलं काही कळत नाही." पण तिने डोळ्यांना पदर लावला.

दुसऱ्या दिवशी मामी आमच्याबरोबर खाडीवर आली. इतक्या वर्षांत दुसऱ्यांदा. पाटलांनी भावांना हाका मारल्या. कुणी मोठ्याने बोललं नाही, "हय्या" देखील हळूच. बगळी चिखलावरून सरकत गेली, तळाच्या भोकातून आणि सगळ्या सांध्यांतून पाणी आत आलं, आणि ती खाली बसली. मामी घोट्याएवढ्या पाण्यात लुगडं सावरून उभी होती. फक्त काठाची रेघ उरली तेव्हा ती म्हणाली, "केवढी हावरटासारखी पितेय." तिने वाकून ओल्या काठावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. पाटील आणि मी दुसरीकडे बघत राहिलो.

घरी आल्यावर तिने देव्हाऱ्यातून बूच काढून माझ्या हातात दिलं. "हे घे. आता काढायची म्हणशील वर. चालवणार कोण तिला?"

मला "बघते" म्हणायची फार सवय आहे. मी म्हटलं, "मी."

"येतं?"

"नाही."

"मग?"

"समोर बसून बघितलंय."

"बघितलंय म्हणे!" मामी म्हणाली आणि हसली. तू गेल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. मग गंभीर होऊन म्हणाली, "पाटलांना काठावर उभं ठेवायचं. आणि कोपरच्या वळणापलीकडे जायचं नाही. मला दिसत राहिली पाहिजेस."

आज रविवार. पहाटेच्या ओहोटीला पाटलांनी आणि मी पाणी उपसलं आणि मी बूच ठोकलं. तळ कोरडा राहिला, मामा. एका जागी थोडं पाझरतं, डाव्या अंगाला, जिथे तू मागच्या वर्षी नवी फळी घातलीस तिथे. बाकी फटी मिटल्या. भरती आली तशी ती आपणहून उचलली गेली. मी सुकाणू बसवलं आणि तुझ्या जागेवर बसले. पुढे कुणीच नव्हतं, त्यामुळे बगळी नाक वर करून तिरपी तिरपी चालायला लागली, सुकाणूला दाद देईना.

काठावरून पाटील ओरडले, "बाय, म्होरं वजन पायजे! म्होरं कुनीतरी बसाया लागतं!"

मामी बांधावर उभी होती. आम्ही सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघताय? मला उलट्या होतात."

तेव्हा पाटलांनी रेतीचं एक पोतं आणून पुढच्या फळीवर टाकलं. ते नीट उभं राहीना, म्हणून आडवं पसरून ठेवलं. बगळीचं नाक खाली आलं आणि ती सरळ चालायला लागली.

मी वळणापर्यंत गेले. माझा हात सारखा चुकत होता, शीड दोनदा फडफडलं. पाण्यावर दुसरं कुणी नव्हतं. समोर ते पोतं पाय पसरून झोपल्यासारखं पडलं होतं. वळणाशी वारा फिरायच्या आधी माझा अंगठा पुढे सरकला का ते मी बघायला विसरले. होडी वळली मात्र. परत येताना बांधावर मामी पांढऱ्या ठिपक्याएवढी दिसत होती. तिला ऐकू जाणार नाही अशी खात्री करून मी मोठ्याने म्हटलं, "मामा, सुकाणू दे ना."

हातातच होतं. तरी मागितलं.